नाथाजी हवालदाराचं औषध

नाथाजी सिसाळ माझा शाळेपासूनचा सोबती. त्याच्याइतका हटवादी माणूस पलूस तालुक्यात शोधून सापडायचा नाही, हे मी चाळीस वर्षं त्याच्या तोंडावर सांगत आलोय. त्यामुळे इथं लिहिताना मला कसला संकोच वाटत नाही. मी अश्फाक तांबोळी. पलूसला स्टँडजवळ माझं औषधांचं दुकान आहे. भिंतीवर माझी फार्मसीची पदविका चौकटीत लावलेली आहे आणि नेमका तिच्याखाली उभा राहून नाथाजी माझ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, गोळ्या म्हणजे विष हाय, झाडपाला घ्या, झाडपाल्यानं कुणाचं वाईट झालेलं न्हाई.

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. धोतरा काय कारखान्यात तयार होतो? एरंडाची बी, रुईचा चीक, अफूचं बोंड, ही सगळी झाडालाच येतात ना? म्हैस बांधावरच्या कण्हेरीला सहसा तोंड लावत नाही, कारण म्हशीकडं मोबाईल नसतो. माणूस मात्र दीड मिनिटाचा व्हिडिओ बघतो आणि वैद्य होऊन उठतो. खऱ्या वैद्यांबद्दल मी हे बोलत नाही. सांगलीच्या एका जुन्या वैद्यांनी मला स्वतः सांगितलंय की त्यांच्या ग्रंथांत कण्हेर विषांच्या यादीत आहे, आणि ती वापरायची तर शुद्ध करून, बहुतेक वरून लावायला, नायट्यावर वगैरे. पण ग्रंथ वाचायला बसावं लागतं. उंटावरून शेळ्या हाकायला फक्त उंट लागतो.

नाथाजीनं लष्करात चोवीस वर्षं ट्रक चालवला. हवालदार होऊन घरी आला, तेव्हा पेन्शन, मिशी आणि शिस्त एवढं बरोबर आणलं. आमच्या भागात फौजेतून आलेल्या माणसाला सगळं कळतं असं धरून चालतात. उसाला खत किती टाकावं, पोरीला स्थळ कुठलं बघावं, गुडघ्याला काय चोळावं, सगळं त्याला विचारायचं. ट्रकच्या इंजिनाबद्दल मात्र त्याला कधी कुणी काही विचारलं नाही, आणि त्याला खरं येत होतं ते तेवढंच.

घरापुढं त्यानं छावणीसारखी बाग केली होती. विटा तिरक्या रोवून त्यांना एकाआड एक चुना आणि गेरू लावलेला, आणि मधे कण्हेरीची रांग. लाल, गुलाबी, पांढरी. दर रविवारी कात्रीनं एका उंचीत कापायचा. बायको वारली, मुलगा पुण्याला गेला, तसा त्याचा सगळा जीव त्या रांगेत. आल्यागेल्याला फुलं दाखवायचा, शंकराला वाहायला टोपलीभर द्यायचा. कराडपासून खाली महामार्गाच्या मधोमध हीच कण्हेर मैलोन्‌मैल लावलेली आहे. पाणी लागत नाही, धूर सोसते, बारा महिने फुलते. दिसायला देखणी, याबद्दल माझी तक्रार नाही.

आता औषधाचं सांगतो. नाथाजीच्या घराण्यात छातीच्या धडधडीचं औषध होतं. त्याचे वडील, आबा, ते द्यायचे. अमावस्येला उजाडताना यायचं, उपाशीपोटी, पूर्वेला तोंड करून बसायचं आणि फुलपात्रातलं दूध एका दमात प्यायचं. पैसे घ्यायचे नाहीत. औषधाचं नाव विचारायचं नाही, सांगायचंही नाही. नाव सांगितलं की गुण जातो. घेणाऱ्यानं घेतलं हेसुद्धा कुणाला बोलायचं नाही, डॉक्टरला तर नाहीच. असलं औषध आमच्याकडं गावोगाव आहे, कुणाचं काविळीचं, कुणाचं विंचवाचं, आणि नियम सगळीकडं हाच. मला विचाराल तर हा नियम काढणारा माणूस फार हुशार होता. नाव कळलं नाही की चूकही कळत नाही.

आबा गेल्यावर बरीच वर्षं ते बंद होतं. चौदा वर्षांपूर्वी नाथाजीनं सुरू केलं. अमावस्येला आठदहा माणसं त्याच्या ओट्यावर बसायची, पुढं फुललेल्या कण्हेरीचं कौतुक करायची आणि त्याच कण्हेरीची पानं, वाळवून चुरलेली, दुधातून पिऊन घरी जायची. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालाय.

आणि गुण यायचा. गंमत हीच आहे. कण्हेरीत ओलिअँड्रिन नावाचं द्रव्य असतं. हृदयाच्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर फेकणारी एक मोटर असते, ती हे द्रव्य अडकवतं. मग आत कॅल्शियम साठतं, हृदय जोरात आवळतं आणि ठोके सावकाश होतात. ज्याची छाती धडधडते त्याला तासाभरात बरं वाटणारच. हेच काम करणारं, त्याच कुळातलं डिगॉक्सिन मी रोज विकतो. तेही एका परदेशी शोभेच्या फुलझाडापासूनच आलंय. फरक इतकाच की माझ्या गोळीत ते पाव मिलिग्रॅम असतं, मोजून, आणि तरी ती देताना डॉक्टर दहा वेळा रक्त तपासतात. पानावर काही लिहिलेलं नसतं. एका पानात किती, उन्हाळ्यातल्यात किती, लाल फुलाच्या झाडात किती, काही पत्ता नाही. वाळवून ते जात नाही, उकळून जात नाही. जरा जास्त झालं की मोटर पुरती अडकते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि ठोके चुकायला लागतात. महिन्यातून एकदाच, चिमूटभर द्यायचा म्हणून माणसं वाचली. काहींना उलट्या व्हायच्या, तर तो म्हणायचा पित्त बाहेर पडतंय, आणि ती मुकाट मान डोलवायची.

मी त्यांना विचारायला हवं होतं. ती माणसं माझ्याच दुकानात येत होती. पण मला नाथाजीला हसण्यात जास्त मजा यायची, आणि हसून झालं की माझं काम झालं असं मला वाटायचं.

राहीबाई त्याची थोरली बहीण. आटपाडीकडं दिलेली. गेल्या वर्षी नवरा वारला आणि ती भावाकडं राहायला आली. आई लवकर गेल्यावर तिनंच नाथाजीला कडेवर वाढवलं होतं, म्हणून तो तिला आक्का म्हणायचा आणि तिच्यापुढं एवढा मोठा हवालदार एकदम आठ वर्षांचा व्हायचा. आक्का मला आवडायची, हे मी सरळ सांगतो. महिन्याला दुकानात यायची, पायरीवर बसायची, म्हणायची, "आवं अश्फाकभाऊ, माजं रेशन द्या." तिचं रेशन म्हणजे गोळ्या. लहानपणी ताप सांध्यांत शिरून तिच्या हृदयाची झडप खराब झालेली. चार वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी तिला डिगॉक्सिन सुरू केलेलं. रोज एक, ठरल्या वेळी. तिनं एक गोळी कधी चुकवली नाही आणि एक कधी जास्त घेतली नाही.

नाथाजीनं तिलाही अमावस्येचं द्यायला सुरुवात केली होती. दिवाळीनंतर तिला दम लागायला लागला, तसं त्यानं अमावस्येची वाट बघणं सोडलं आणि दोन दिवसांआड द्यायला लागला. बहीण ना ती. परक्याला महिन्यानं, तर आपल्या माणसाला दोन दिवसांआड, असा त्याचा हिशेब.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मिरजेहून मला फोन आला. डॉक्टर अंकिता, तिथल्या हृदयाच्या विभागातल्या. आक्काच्या पिशवीतल्या बिलावर माझा नंबर होता. आक्काला पहाटेपासून उलट्या होत होत्या, डोळ्यांपुढं सगळं पिवळं दिसत होतं, आणि नाडी मिनिटाला छत्तीसवर आली होती. मी दुकान तसंच नोकरावर टाकून निघालो.

डॉक्टरांनी मला आक्काच्या गोळ्या मोजायला सांगितल्या. मोजल्या. एकही कमी नव्हती. त्या म्हणाल्या, रक्तात डिगॉक्सिन भरपूर दाखवतंय, ठरलेल्या गोळीनं एवढं यायला नको, किडनीही ठीक आहे. मग आक्कापाशी जाऊन त्यांनी विचारलं, आणखी काही घेता का, कुणी काही दिलं का. आक्काचं तोंड कोरडं पडलेलं, तरी तिनं मान हलवली. काय न्हाई, म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं, तर तिनं डोळे मिटून घेतले.

बाहेरच्या बाकड्यावर नाथाजी बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मांडीवर आक्काचं लुगड्याचं गाठोडं. डॉक्टरांनी त्यालाही विचारलं. तो उभा राहिला आणि भिंतीवरच्या पाटीकडं बघत राहिला. डॉक्टर काही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की चुकून गोळीच जास्त झाली असेल तर औषध थांबवून वाट बघता येईल, पण दुसरं काही पोटात गेलेलं असेल तर वाट बघायला वेळ नाही, कारण ते किती गेलंय ते या तपासणीत कळणार नाही. "मला अर्ध्या तासात ठरवावं लागेल, काका," म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात अमावस्येचं औषध आलं. चौदा वर्षं ज्याला हसलो, ते तेव्हा आलं.

मी त्याला नाही नाही ते बोललो. ट्रकड्रायव्हर म्हणालो, गाढव म्हणालो, तुझ्या गुणाला काडी लाव म्हणालो. फौजेत वरच्यांच्या शिव्या खाऊन त्याचे कान तयार झालेले होते, त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. तो गाठोडं घट्ट धरून बसला होता. घड्याळाचा काटा सरकत होता आणि माझ्या शिव्या संपल्या. मग तो फार हळू बोलला.

"आबानं मरताना माझ्यापाशी घर ठेवलं, रान ठेवलं. घर पडलं, मी दुसरं बांदलं. रान थोरल्या भावकीनं दाबलं. ह्येवढंच ऱ्हायलंय, अश्फाक. लोकं माझ्या दारात येत्यात ती ह्येच्यासाठी. नाव सांगितलं आन ती वाचली, तर मग माझ्यापाशी काय ऱ्हातंय?"

"आक्का ऱ्हातीया," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं.  मग उठला, शर्ट खाली ओढला, आत गेला आणि डॉक्टरांसमोर साहेबापुढं उभं राहतात तसा ताठ उभा राहिला.

"कण्हेर," म्हणाला. "लाल फुलाची. पानं. वाळवून, दुधातनं."

शेवटचं कधी दिलं, असं डॉक्टरांनी विचारलं. त्यावर तो म्हणाला, आज सकाळी, उलट्या थांबाव्यात म्हणून. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. मग त्यांनी एका दमात चारपाच सूचना दिल्या आणि सगळा विभाग हलला. आक्काच्या पोटात नळीनं कोळशाचं काळं पाणी सोडलं, म्हणजे उरलंसुरलं विष त्याला चिकटावं. पोटॅशियम उतरवायची औषधं लावली. मानेच्या शिरेतून हृदयापर्यंत तार घातली आणि बाहेरच्या यंत्रानं ठोके द्यायला सुरुवात केली. या विषावर उतारा म्हणून एक इंजेक्शन आहे, पण ते आपल्याकडं पुस्तकातच असतं. त्यांनी पुण्यापर्यंत फोन केले, मीही माझ्या ओळखीच्या सगळ्या होलसेलवाल्यांना केले, कुठंच मिळालं नाही. तपासणीत डिगॉक्सिन इतकं का दिसत होतं तेही कळलं. कण्हेरीचं द्रव्य त्याचंच भावंड, त्यामुळे तपासणीला दोन्ही एकच वाटतात.

हे सगळं चाललं असताना नाथाजी मला बाहेर सांगत होता, विचारलं नसताना. रजेवर आला होता तेव्हाची गोष्ट. आबांना मोतीबिंदू झालेला. अमावस्येच्या पहाटे त्यांनी त्याला ओढ्यावर नेलं, बोटानं दाखवलं आणि म्हणाले, हेच, दुधात उकळायचं. तोंडानं नाव काढायचं नाही हा नियम देतानाही पाळायचा असतो. नाथाजीनं बोटाच्या रेषेत बघितलं, तर फुललेली कण्हेर दिसली.

तीन दिवस त्या तारेवर आक्काचं हृदय चाललं. चौथ्या दिवशी तार काढली.

दरम्यान गावात बातमी पोचली, आणि आता गाव काय म्हणालं ते ऐका. नाथाजीनं विष पाजलं, असं कुणी म्हणालं नाही. नाथाजीनं नाव फोडलं, असं म्हणाले. बयाबाई म्हणून त्याची जुनी घेणारी होती, ती माझ्या दुकानात येऊन माझ्यावरच उखडली. म्हणाली, चौदा वर्षं माजी छाती गप हुती, आता तुमी दोघांनी मिळून गुण घालवला. मी तिला समजावलं, की बाई, तुझं काळीज बंद पडायच्या बेतात होतं. ती म्हणाली, पडलं तर न्हाई ना?  असल्या लोकांना औषध विकून मी घर चालवतो, याची मला त्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिला जबरदस्तीनं रिक्षात घालून हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला पाठवली.

सहाव्या दिवशी मी मिरजेला गेलो तेव्हा आक्का खाटेवर बसून मऊ भात खात होती. नाथाजी खाली स्टुलावर. त्याची मिशी चेहऱ्यावरून उतरल्यासारखी दिसत होती. मी नेहमीप्रमाणे त्याला टोचायला लागलो, की बघ आक्का, तुझ्या बापानं काय ठेवून दिलं तुझ्या भावाला. आक्काचा हात ताटातच थांबला.

"आबाला बोलू नगा, अश्फाकभाऊ," म्हणाली. "आबाचं ह्ये नव्हतंच. आबाचं दूध तांबूस व्हायचं, तुरट लागायचं. सादड्याची साल असायची ती. वड्याकाठचा सादडा."

ओढ्याकाठचा अर्जुनसादडा अजून उभा आहे. चांगला आठदहा पुरुष उंच, आणि त्याच्या बुंध्यापाशी कण्हेरीचं रान माजलेलं. म्हाताऱ्याला नीट दिसत नव्हतं, त्यानं बोट झाडाकडं केलं. पोरानं खाली बघितलं. सादड्याच्या सालीनं आक्काची झडप काही दुरुस्त झाली नसती, पण तिच्या मानेत तारही घालावी लागली नसती.

 तुला कसं ठावं, असं नाथाजीनं विचारलं.

"मीच सोलून आणायची की. धा वरसांची हुते तवापास्नं लगीन हुईस्तोवर. आबा खाली हुबा ऱ्हायचा, मी वर चढायची. सोलायची, वाळवायची, कुटायची, समदं मीच." तिनं घोटभर पाणी घेतलं. "तुझं कडू लागायचं. पर तू इतक्या निगुतीनं करून आणायचास, म्हटलं फौजेत शिकून कायतरी वाढवलं आसंल. परतवायचं कसं?"

 घराण्याचं औषध पोरीला देत नाहीत, ती दुसऱ्याच्या घरी जाते म्हणून. आठ वर्षं झाडावर चढून साल काढणारीला ते दिलेलं नव्हतं आणि ट्रकवर असलेल्याला बोट दाखवून दिलेलं होतं. तिला ते येतं, हे ना बापाच्या डोक्यात आलं ना भावाच्या. मीही वर्षभर तिच्या हातात गोळ्या ठेवत होतो आणि पायरीवर बसवून चहा पाजत होतो.

नाथाजी स्टुलावरून उठला.  "आक्का, आगं मग बोलली का न्हाईस?"

आक्कानं आधी त्याच्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"मला कवा कुणी इचारलं?" ती म्हणाली, आणि उरलेला भात खायला लागली.